पाय सुजलेले, हृदय अर्धं रिकामं: ग्वाल्हेरमधलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

काका ७३ वर्षांचे, सरकारी नोकरीतून निवृत्त, लष्कर भागात काकूंसोबत राहतात. मुलगा पुण्याला. ओळख पटू नये म्हणून वय, नातीगोती आणि काही किरकोळ गोष्टी बदलल्या आहेत. औषधं कोणत्या क्रमाने वाढत गेली तो क्रम मात्र तसाच ठेवला आहे, कारण सगळं प्रकरण त्या क्रमातच आहे.

रक्तदाब वीस वर्षांपासूनचा. टेल्मिसार्टन ४० आणि अ‍ॅम्लोडिपिन ५ यांवर वरचा दाब १३० ते १४० च्या घरात राहायचा. मधुमेह नाही, तंबाखू नाही. दोन वर्षांपूर्वी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केला तेव्हा हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याच्या भिंती जाड झालेल्या दिसल्या, १४ मिलिमीटर. पंपिंग, म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन, ६० टक्के. अहवालाच्या तळाशी एक ओळ होती, जिच्याकडे सहसा कोणी बघत नाही: कप्पा सैल पडण्यात पहिल्या दर्जाचा दोष. वर्षानुवर्षं जास्त दाबाविरुद्ध काम करून स्नायू जाड आणि ताठ झाला होता. आकुंचन उत्तम, पण सैल पडून रक्त आत घेताना अडचण.

ग्वाल्हेरची थंडी कडाक्याची असते आणि थंडीत रक्तदाब चढतो. जानेवारीत काकांचा दाब १६० च्या वर गेला म्हणून अ‍ॅम्लोडिपिन ५ चं १० झालं. मार्चमध्ये संध्याकाळी पाय सुजायला लागले, चपलेचा पट्टा रुतून वळ उठायचा. ते दुसऱ्या दवाखान्यात गेले. तिथे ‘पाणी साचतंय’ असं निदान होऊन फुरोसेमाइड आणि स्पायरोनोलॅक्टोन या लघवी वाढवणाऱ्या औषधांची एकत्र गोळी सुरू झाली. मीठ जवळजवळ बंद, आणि पाणी दिवसाला एक लिटरच्या वर नको. सूज थोडी उतरली, पूर्ण गेली नाही.

एप्रिलमध्ये लघवीचा त्रास सुरू झाला. सकाळभर फेऱ्या, रात्रीही तीन-चारदा उठणं. दिवसभर पायात उतरलेलं पाणी रात्री आडवं झाल्यावर रक्तात परत येतं आणि मूत्रपिंडं ते बाहेर टाकतात, हेही त्यात होतंच. सोनोग्राफीत प्रोस्टेट थोडी वाढलेली निघाली. त्या वयात ती बहुतेकांची निघते. तिसऱ्या ठिकाणी टॅम्सुलोसिन, म्हणजे लघवीची वाट सैल करणारी गोळी, मिळालं, रात्री झोपताना एक.

यातला प्रत्येक निर्णय सुटा पाहिला तर समजण्यासारखा आहे. तिन्ही चिठ्ठ्या एका टेबलावर मात्र कधी आल्याच नाहीत.

प्रसंग

मे महिना, बाहेर पारा ४४ च्या आसपास, लू वाहतेय. दौलतगंजजवळ नात्यातली मुंज होती. काका सकाळची ‘पाण्याची गोळी’ घेऊन गेले. कार्यालयात सारखं बाथरूमला जावं लागू नये म्हणून त्यांनी पाणी जवळपास प्यायलंच नव्हतं. पंगत जमिनीवर होती, आमरस-पुरीचा आग्रह झाला. अर्ध्या-पाऊण तासाने ते हात टेकून उठले, चार पावलं चालले आणि दोन माणसांच्या मधे खाली कोसळले.

जमिनीवर आडवे झाल्यावर मिनिटाभरात त्यांनी डोळे उघडले. मग जे होतं तेच झालं. कोणी कांदा हुंगवला, कोणी साखर तोंडात घातली, कोणी ‘अटॅक आहे’ म्हणून छाती चोळू लागलं. दोघांनी काखेत हात घालून त्यांना खुर्चीत बसवलं. खुर्चीत मान पुन्हा लुडकली. आता चेहरा पांढराफटक, दरदरून घाम. तेवढ्यात निवृत्त परिचारिका असलेल्या एक मावशी पुढे आल्या. त्यांनी सगळ्यांना बाजूला करून काकांना सतरंजीवर निजवलं आणि दोन्ही पाय एका उपड्या पातेल्यावर ठेवले. काका शुद्धीवर आले, बोलू लागले, आणि पहिलं वाक्य होतं, “मला काही झालं नाही, मला उठवा.” मावशींनी उठू दिलं नाही. रुग्णवाहिका येईपर्यंत ते तसेच पडून होते.

संपूर्ण प्रकरणातला सर्वांत अचूक उपचार हाच होता. तो विनाखर्चाचा होता, आणि निदानही त्यातच दडलेलं होतं: माणूस बसवला की जातो, निजवून पाय वर केले की परत येतो.

तपासणीत काय दिसलं

आमच्याकडे आले तेव्हा काका पूर्ण शुद्धीत होते. छातीत दुखलं नव्हतं, धाप नव्हती, शौच काळी झाली नव्हती, म्हणजे पोटात रक्तस्रावाची खूण नव्हती. जीभ कोरडी. आडव्याने दाब १०४/६४, नाडी १०४. पलंगाच्या कडेला पाय सोडून बसवलं आणि मग दोघांनी धरून उभं केलं: एका मिनिटात ७८/५०, नाडी ११८, डोळ्यांपुढे अंधारी. लगेच निजवलं. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा दाब २० किंवा खालचा १० ने उतरला तर त्याला उभ्याने दाब कोसळणं म्हणतात. इथे वरचा २६ ने उतरला होता.

पावलांवर अजूनही सूज, बोट दाबलं की खळगा. आणि मानेच्या शिरा? सपाट. आडवं निजवूनही जेमतेम दिसत होत्या. सुजलेले पाय आणि रिकाम्या मानेच्या शिरा, ही जोडी दिसली की थबकायला हवं. हृदय थकून पाणी साचलं असतं तर मानेच्या शिरा तट्ट भरलेल्या दिसल्या असत्या.

ईसीजीत जाड हृदयाच्या जुन्या खुणा, ताजं काही नाही. ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) पहिल्यांदा नॉर्मल, काही तासांनी पुन्हा केलं तेही नॉर्मल. साखर १३२. मूत्रपिंडं मंदावली की वाढणारं क्रिएटिनिन १.७ (हिवाळ्यात १.१ होतं), सोडियम उतरून १३०, पोटॅशियम चढून ५.४.

इकोचा अहवाल हातात पडला तेव्हा काकूंचा भाचा खूश झाला. “डॉक्टर, पंपिंग सत्तर टक्के आहे! आधी साठ होतं. मग हार्ट तर सुधारलंय ना?”

या प्रश्नाचं उत्तर नीट द्यायला हवं, कारण याच आकड्याने भलेभले फसतात.

आत काय चाललं होतं

सत्तर टक्के खरे, पण कशाचे सत्तर? दोन वर्षांपूर्वी काकांचा डावा कप्पा पूर्ण भरायचा तेव्हा त्यात साधारण १०५ मिलिलिटर रक्त असायचं. त्याचे ६० टक्के म्हणजे ६३ मिलिलिटर प्रत्येक ठोक्याला बाहेर. मिनिटाला ७२ ठोके धरले तर साडेचार लिटर. आता कप्पा भरतच होता ६० मिलिलिटरपर्यंत. त्याचे ७० टक्के म्हणजे ४२. ठोके १०४ झाले म्हणून मिनिटाचा हिशोब कसाबसा ४.४ लिटरवर जुळत होता, तोही आडव्याने. उभं राहिल्यावर कप्प्यात समजा ४५ मिलिलिटरच आलं, तर ठोके ११८ होऊनही मिनिटाला पावणेचार लिटरच्या आतच. टक्केवारी छान आणि मेंदूला रक्त कमी, अशी ही गंमत.

हृदय स्वतःहून रक्त ओढून घेत नाही, निदान फारसं नाही. शरीरातलं ६० ते ७० टक्के रक्त कुठल्याही क्षणी शिरांमध्ये असतं, आणि तिथून ते उजव्या वरच्या कप्प्यात येतं ते अगदी किरकोळ दाबाच्या जोरावर. धमनीत १२० मिलिमीटर पारा असतो, तर रक्त परत आणणारा हा दाबफरक सातच्या आसपास. एवढ्याशा फरकावर मिनिटाला पाच लिटर रक्त परततं. म्हणून त्यात एक-दोन मिलिमीटरचा बदलही मोठा. पोटऱ्यांचे स्नायू शिरा पिळतात, शिरांमधल्या झडपा रक्त मागे जाऊ देत नाहीत, श्वास घेताना छातीतला दाब उतरून थोडी ओढ लागते, अशी मदत होते. माणूस उभा राहिला की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पाय आणि पोटाकडे उतरतं. तरुण माणसाच्या शिरा क्षणात आवळल्या जातात आणि त्याला पत्ताही लागत नाही.

जेवढं येईल तेवढं बाहेर टाकायचं हा हृदयाचा अंगभूत गुण. १८९५ मध्ये ओटो फ्रँक या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने बेडकाच्या हृदयावर दाखवलं की भरताना स्नायू जितका ताणला जातो, तितक्या जोराने तो आकुंचन पावतो. लंडनमध्ये अर्नेस्ट स्टार्लिंग आणि सहकाऱ्यांनी १९१४ मध्ये कुत्र्याच्या हृदयावर तेच सविस्तर मांडलं. मर्यादेत ताणल्यावर स्नायूच्या तंतूंची आकुंचनाची क्षमता आणि कॅल्शियमला प्रतिसाद देण्याची तयारी, दोन्ही वाढतात. मज्जातंतूंचा हुकूम लागत नाही. उजवी आणि डावी बाजू ठोक्याठोक्याला एकमेकींशी जुळून राहतात त्या याच्याच बळावर. हिशोब करून पाहा: उजव्या बाजूने डावीपेक्षा ठोक्याला एकच मिलिलिटर जास्त टाकलं, तर ७० ठोक्यांच्या वेगाने तासाभरात फुप्फुसांत चार लिटरहून जास्त साचेल. असं होत नाही, कारण डावीकडे जास्त आलं की डावी बाजू पुढच्याच ठोक्यांत जास्त टाकते.

पण हा गुण उलट दिशेनेही तितक्याच इमानाने चालतो. कमी आलं की कमी जातं.

काकांच्या बाबतीत कमी येण्याची कारणं एकावर एक रचली गेली होती. फुरोसेमाइडने आणि पाण्याच्या बंधनाने एकूण साठा आटला. टॅम्सुलोसिनने शिरा आवळण्याची ताकद मंद केली. उन्हाने कातडीतल्या रक्तवाहिन्या उघडल्या, घामाने आणखी पाणी नेलं. भरपेट जेवणाने रक्त आतड्यांकडे वळलं. मांडी घालून बसल्याने पोटऱ्या स्वस्थ होत्या. आणि मग एकदम उभं राहणं. यातल्या दोन-तीन गोष्टी त्यांनी निभावल्या असत्या.

त्यातच कप्पा ताठ. लवचिक हृदयाला थोडं कमी रक्त आलं तरी चालतं, थोडं जास्त आलं तरी चालतं. ताठ कप्प्याला मिळणारी जागा अरुंद: थोडं कमी झालं की दाब कोसळतो, थोडं जास्त झालं की आतला दाब झपाट्याने चढून फुप्फुसांत पाणी. पुढचा प्रत्येक निर्णय या अरुंद पट्टीकडे बघून घ्यावा लागला.

आणि सूज? अ‍ॅम्लोडिपिन बारीक धमन्या उघडतं, शिरांना तेवढं उघडत नाही. त्यामुळे केशवाहिन्यांत दाब वाढतो आणि पाणी झिरपून घोट्याभोवती साठतं. केशवाहिन्यांतून पाणी कुठल्या बळांनी आत-बाहेर जातं हे १८९६ मध्ये मांडणारा माणूसही हाच स्टार्लिंग. काकांच्या पायात आणि छातीत एकाच वेळी त्याचेच दोन वेगवेगळे नियम चालले होते, आणि लघवीची गोळी पायातल्या नियमासाठी म्हणून दिली गेली, पण लागली छातीतल्या नियमाला. ती रक्तातलं पाणी काढते. झिरपून बाहेर बसलेलं पाणी काढण्यात ती कच्चीच.

काय काय पर्याय होते

पहिला प्रस्ताव ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरांचा: दाब कमी आहे, डोपामिनचं, म्हणजे हृदयाला जोर लावायला लावून दाब चढवणाऱ्या औषधाचं, ड्रिप लावू. विचार स्वाभाविक आहे, दाबाचा आकडा पडला की हात तिकडेच जातो. पण नळाला पाणी नसताना टुल्लू पंप जोरात चालवला तर काय होतं हे ग्वाल्हेरकरांना वेगळं सांगायला नको. इथे तर त्याहून वाईट झालं असतं. इकोत काकांना श्वास रोखून जोर लावायला सांगितलं तेव्हा कप्प्यातून बाहेर पडण्याच्या वाटेवर ४० मिलिमीटरचा दाबफरक उभा राहिला. श्वास रोखला की छातीतला दाब वाढतो, परतणारं रक्त घटतं, आणि जाड भिंतींचा रिकामा कप्पा आपलीच वाट अडवू लागतो. अशा हृदयाला आणखी जोराने पिळणारं औषध दिलं तर अडथळा वाढतो आणि दाब आणखी पडतो. डोपामिन बाजूला ठेवलं.

दुसरा पर्याय, एक लिटर सलाईन धाडधाड सोडणं. पाणी कमी आहे हे उघड होतं. भीती ताठ कप्प्याची आणि १३० सोडियमची. महिना-दीड महिन्यात हळूहळू उतरलेलं सोडियम एकदम चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते, २४ तासांत ८ पेक्षा जास्त चढू द्यायचं नाही हा बेत ठेवावा लागतो.

तिसरा पर्याय काकांचा स्वतःचा: “गोळ्या बंद करा, घरी जातो, सरबत पितो.” खरं तर अर्धा उपचार यात होता. पण उभ्याने ७८ दाब, बिघडलेली मूत्रपिंडं आणि ५.४ पोटॅशियम घेऊन घरी सोडण्यात अर्थ नव्हता. शिवाय ठोक्यांच्या अनियमिततेमुळे माणूस पडला नाही ना, हे पाहायला २४ तास मॉनिटर हवा होता.

चौथा: आधी विचारून बघायचं. म्हणजे काकांच्या हृदयालाच विचारायचं, जास्त आलं तर जास्त टाकशील का?

काय केलं

पाय वर उचलणं ही या प्रश्नाची तपासणी आहे. त्यात साधारण ३०० मिलिलिटर रक्त पायांतून आणि पोटातून हृदयाकडे सरकतं, आणि पाय खाली केले की परत जातं. बाहेरचा एक थेंब शरीरात जात नाही, त्यामुळे चूक निघाली तरी मागे फिरता येतं. पद्धत मात्र पाळावी लागते. माणूस आधी अर्धवट बसता, पाठ ४५ अंशांवर. मग पलंगच असा फिरवायचा की पाठ आडवी आणि पाय ४५ अंश वर. हाताने पाय उचलले तर दुखून किंवा दचकून नाडी वाढते आणि घोळ होतो. परिणाम मिनिटाच्या आत दिसतो, म्हणून मोजमापही तेव्हाच करायचं. नुसता दाब बघून भागत नाही, प्रत्येक ठोक्याला किती रक्त बाहेर जातं ते इकोवर मोजायचं.

महाधमनीच्या तोंडाशी मोजलेलं अंतर (ठोक्यागणिक रक्ताचा स्तंभ किती सेंटिमीटर पुढे सरकतो ते) काकांचं १४ होतं. पाय वर केल्यावर १७ झालं. वीस टक्क्यांहून जास्त वाढ. १० ते १५ टक्के वाढ पुरेशी मानतात. हृदयाने हो म्हटलं होतं.

मग नॉर्मल सलाईन २५० मिलिलिटर, अर्ध्या तासात. दाब ११६/७०, अंतर १७.५. छातीत स्टेथोस्कोपला आणि फुप्फुसांच्या सोनोग्राफीला पाणी दिसलं नाही. दुसरे २५०: दाब १२०/७२, अंतर १८.५, नाडी ८८. तिसरं सुरू केलं आणि मधेच पुन्हा मोजलं. अंतर १८.५ वरच. इथे खोलीत थोडा वाद झाला. बाटली अर्धी शिल्लक, उभ्याने दाब अजून १०८, मग थांबायचं का?

थांबलो. जितकं भरेल तितकं बाहेर, या फ्रँक-स्टार्लिंगच्या गुणाचा आलेख काढला तर तो आधी चढतो आणि मग सपाट होतो. भरल्यावर वाढ होत नसेल तर हृदय त्या वक्राच्या सपाट भागाकडे आलं. यापुढचं पाणी ठोक्यात जात नाही, फुप्फुसांकडे जातं, आणि ताठ कप्प्यात तर लवकरच. उरलेली तूट तोंडाने भरायची ठरवलं, दोन दिवसांत, सावकाश. बाटलीत उरलंय म्हणून द्यायचं हा विचार इथे नडला असता.

फुरोसेमाइड-स्पायरोनोलॅक्टोन, टॅम्सुलोसिन, अ‍ॅम्लोडिपिन बंद. टेल्मिसार्टन क्रिएटिनिन उतरेपर्यंत थांबवलं. संध्याकाळी नातेवाईक शहाळी घेऊन हजर झाले. अशक्त माणसाला नारळपाणी ही आपली पद्धतच, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि काकांचं आधीच चढलेलं. शहाळी नातवंडांना दिली, काकांना मीठ-साखर-लिंबाचं पाणी.

काकूंना पटवणं जास्त कठीण गेलं. “अहो डॉक्टर, पाय अजून सुजलेले दिसतायत आणि तुम्ही पाणी पाजताय?” त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. त्यांना काकांची मान दाखवली, मग पलंगाची पाठ हळूहळू उतरवली, आणि शीर कुठे दिसते ते बोटाने दाखवलं. दुसऱ्या दिवशी ती शीर किंचित वर आलेली त्यांनी स्वतः पाहिली आणि मग सुजेचा विषय काढला नाही.

परिणाम

मॉनिटरवर ठोक्यांत काही गडबड आढळली नाही. दुसऱ्या सकाळी सोडियम १३४, पोटॅशियम ४.८. तिसऱ्या दिवशी आडव्याने १३४/७८, उभ्याने १२६/७४, चक्कर नाही. घरी सोडलं. पुन्हा केलेल्या इकोत इजेक्शन फ्रॅक्शन ६२ टक्के, म्हणजे भाच्याच्या भाषेत ‘उतरलं’. श्वास रोखल्यावरचा तो अडथळाही दिसेनासा झाला. दहा दिवसांनी क्रिएटिनिन १.२. पायांची सूज दोन आठवड्यांत गेली, कुठल्याही लघवीच्या गोळीशिवाय. रात्री उठणं एकदावर आलं, त्यामुळे टॅम्सुलोसिनची गरज उरली नाही.

इथे प्रकरण संपलं असतं. पण तीन आठवड्यांनी पुन्हा चक्कर. काकूंनी लिहून ठेवलेल्या वहीत उभ्याचा दाब दोन दिवस ९८ आणि ९६. पिशवी उलटी केली तेव्हा त्यात जुनी ‘पाण्याची गोळी’ निघाली. महिन्याची औषधं नेहमीच्या दुकानातून आली होती, आणि दुकानात जुनी यादी होती. विचारल्यावर दुकानदार म्हणाला, “अंकलजी का तो यही पर्चा चलता है.” त्याचंही बरोबर, नवीन चिठ्ठीत काय घ्यायचं ते लिहिलं होतं, काय घ्यायचं नाही ते फक्त तोंडी सांगितलं गेलं होतं. आता चिठ्ठीच्या वरच्याच बाजूला बंद औषधांची नावं हिंदीत मोठ्या अक्षरात लिहिलेली असतात, आणि जुन्या पट्ट्या काकूंनी टाकून दिल्या.

टेल्मिसार्टन क्रिएटिनिन उतरल्यावर २० ने सुरू करून ४० वर नेलं. राहणीतले बदल साधेच होते. उठण्याआधी घोट्यापासून पाय दहा-बारा वेळा हलवणं, दोन पेले पाणी पिऊन पाच मिनिटं थांबून उठणं, दुपारचं जेवण दोन भागांत. पायमोज्यांचाही विचार केला. दाब देणारे लांब मोजे चांगले असतात, पण जूनच्या ग्वाल्हेरात ते घालायला सांगणाऱ्याने आधी स्वतः एक दिवस घालून बघावेत. त्याऐवजी पोटाला पट्टा दिला, तो काका बाहेर जाताना बांधतात.

निर्णयाचे टप्पे पुन्हा पाहताना

वेगळं काय करता आलं असतं, याचा सर्वांत मोठा टप्पा मार्चमधला. पाय सुजले तेव्हा दोन प्रश्न पुरले असते: गेल्या तीन महिन्यांत कुठलं औषध नवीन सुरू झालं किंवा वाढलं, आणि मानेच्या शिरा भरल्या आहेत का? अ‍ॅम्लोडिपिन १० वर सूज येणं नेहमीचं आहे. डोस ५ वर आणून दाबासाठी दुसरा मार्ग धरता आला असता, आणि पुढची साखळीच घडली नसती. औषधाचा दुष्परिणाम नवा आजार समजून त्यावर नवं औषध देणं हे म्हाताऱ्या माणसांत इतकं घडतं की प्रत्येक नव्या तक्रारीला आधी गोळ्यांची पिशवी मागवणं हीच पहिली तपासणी धरायला हवी.

दुसरं, तिन्ही दवाखान्यांत दाब बसूनच मोजला गेला. टॅम्सुलोसिन सुरू करण्याआधी एकदा उभं करून मोजला असता तर तो आकडाच बोलला असता. त्याला तीन मिनिटं लागतात. गर्दीच्या ओपीडीत ती तीन मिनिटं काढणं अवघड असतं हे खरं, पण सत्तरीपुढच्या आणि तीन-चार गोळ्या घेणाऱ्या माणसापुरती तरी काढावीत.

तिसरं, ‘पाणी एक लिटर’ या सूचनेला मुदत नव्हती. मार्चमध्ये दिलेला नियम काकांनी मेच्या लूमध्येही पाळला, आणि आज्ञाधारकपणे पाळला म्हणूनच पडले. लघवीची गोळी घेणाऱ्याला ऊन वाढलं, जुलाब झाले, जेवण तुटलं तर काय करायचं, हे चिठ्ठीवर लिहिलेलं असावं. ज्यांचं हृदय खरोखर थकलेलं आहे त्यांनी मात्र हे वाचून गोळी परस्पर बंद करू नये. त्यांच्यात मानेच्या शिरा भरलेल्या असतात, धाप असते, आणि तीच गोळी त्यांना जगवते.

चौथा टप्पा वादाचा आहे. काही सहकाऱ्यांचं म्हणणं, आडव्याने दाब १०४ आणि माणूस बोलतोय, तर शिरेतून सलाईनची गरजच नव्हती, तोंडाने भागलं असतं. असू शकेल. मूत्रपिंडांचा आकडा आणि उभ्याचा ७८ पाहून मी सलाईनकडे झुकलो, आणि त्याच परिस्थितीत पुन्हा तसाच झुकेन. तिसरी खेप सुरू करण्याआधीच पुन्हा पाय वर करून मोजून घ्यावं, एवढी सुधारणा करेन.

कार्यालयातल्या खुर्चीबद्दल वेगळं लिहायला हवं. पडलेल्या माणसाला उचलून बसवणं ही आपली सहज प्रतिक्रिया, त्यात काळजीच असते. पण तेवढ्या वेळात हृदयाकडे येणारं थोडंफार रक्तही पुन्हा खाली जातं. श्वास चालू असेल तर आडवं निजवायचं, पाय हातभर वर, उलटी होत असेल तर कुशीवर. काकूंनी हे सोसायटीच्या महिला मंडळात सांगितलं, मावशींना बोलावून करूनही दाखवलं.

डिसेंबरात थंडी सुरू झाली आणि दाब पुन्हा वर सरकला: आडव्याने १५८/८८, उभ्याने १५०/८६, नाडी ८४. अ‍ॅम्लोडिपिन २.५ की ठोके मंद करणारं मेटोप्रोलॉल २५, असा प्रश्न होता. ताठ कप्प्याला भरायला वेळ मिळावा आणि तो श्वास रोखल्यावरचा अडथळा पुन्हा उभा राहू नये म्हणून मेटोप्रोलॉल निवडलं. ठोके ६८ वर आले, उभ्याचा दाब १३२. पुढची तपासणी मार्चअखेर ठेवली आहे, ऊन चढायच्या आधी. तेव्हा उभ्याचा आकडा पाहून कुठला डोस उतरवायचा ते ठरेल.